'गेट': मिळणं, होणं, पोचणं आणि बाकीचं सगळं

प्रश्न असा आहे: "इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? शब्दकोश उघडला की मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे अशी पानभर यादी येते. ती पाठ केली तरी बोलताना काही आठवत नाही. शाळेत सांगायचे, चांगल्या इंग्रजीत 'गेट' वापरू नये. पण इंग्रजी बोलणारे लोक तर वाक्यावाक्याला तोच वापरतात. मग शिकायचं कसं?"

मी वीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे. दोन्हीकडे मला सगळ्यात जास्त वेळा अडवणारा शब्द हाच आहे. अवघड शब्दांचं काही वाटत नाही, कोश उघडला की त्यांचं काम होतं. 'गेट'चं काम कोशानं होत नाही. म्हणून या प्रश्नाला जरा बैठक मारून उत्तर देते.

आधी एक खुलासा, कारण देवनागरीत घोटाळा होतो. फाटकाचं गेट वेगळं आणि हे वेगळं. आपण दोन्ही एकसारखी लिहितो, पण फाटकाच्या गेटचा उच्चार 'लेट', 'डेट'सारखा लांब असतो आणि या क्रियापदाचा 'पेन', 'टेन'सारखा आखूड.

आता यादीबद्दल. क्षणभर इंग्रजी बाजूला ठेवा आणि आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागली. आग लागली. ठेच लागली. झोप लागली. नोकरी लागली. शोध लागला. वेळ लागतो. पैसे लागतात. मला बस लागते. नावेला किनारा लागला. अभ्यासात मन लागत नाही. त्याचं बोलणं मनाला लागलं. ती गायला लागली. मला जावं लागलं. दार नीट लागत नाही. तो माझा कोण लागतो? यातला एकही अर्थ आपण कधी पाठ केला नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषक माणसाला ही वाक्यं दाखवली तर तोही म्हणेल, या शब्दाला अर्थ तरी किती! आपल्याला मात्र तो एकच शब्द वाटतो, कारण त्याच्या तळाशी एकच गोष्ट आहे: स्पर्श, चिकटणं. संस्कृत 'लग्' धातूचा अर्थच तो. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूपासून आला. भूक आपल्याला येऊन चिकटते, ज्वाला लाकडाला चिकटते, नाव किनाऱ्याला टेकते, शब्द मनाला जाऊन भिडतो. गाभा हाती असला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात.

'गेट'लाही असाच गाभा आहे: आधी नव्हतं, आता आहे. एका बाजूला होतं ते दुसऱ्या बाजूला आलं. वस्तू हातात नव्हती, ती आली. मी घरी नव्हते, घरी आले. कपडे कोरडे होते, भिजले. गोष्ट कळत नव्हती, कळली. प्रत्येक 'गेट'मध्ये हा उंबरठा असतो आणि तो ओलांडण्याचा क्षण असतो. म्हणून 'गेट'ची ओळख करून घ्यायची ती 'बी'च्या, म्हणजे 'ॲम', 'इज', 'वॉज' या 'असणे'वाल्या क्रियापदाच्या शेजारी ठेवून. 'इट इज डार्क' म्हणजे अंधार आहे, 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे दमलेय, 'आय ॲम गेटिंग टायर्ड' म्हणजे दमत चाललेय. 'ही वॉज मॅरीड' म्हणजे तो विवाहित होता, 'ही गॉट मॅरीड' म्हणजे त्याचं लग्न झालं. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात घटना.

हा शब्द मूळचा इंग्रजी मातीतला नाही, आणि त्याचा इतिहास कामाचा आहे. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा, बोलणारे लोक वसत गेले. 'टेक', 'दे' (म्हणजे 'ते'), 'एग', 'विंडो' हे शब्द त्यांच्याकडून इंग्रजीत आले, तसाच 'गेट'ही. नॉर्समध्ये 'गेता' म्हणजे मिळवणं, गाठणं. जुन्या इंग्रजीत याचंच एक भावंड होतं, पण ते जोडशब्दांतच उरलं होतं. 'फरगेट'मध्ये ते आजही बसलेलं आहे. तिथला 'फर' सुटण्याचा, दूर जाण्याचा अर्थ आणतो. म्हणजे विसरणं म्हणजे पकड सुटणं. याच कुळातला लॅटिन शब्द म्हणजे 'प्रेहेंदेरे', पकडणं. त्यातून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेंड' आला, म्हणजे समजणं. आणि 'आय गेट इट' म्हणजेही समजलं. आपणही तेच करतो: 'ग्रहण' म्हणजे पकडणं, आणि ग्रहणशक्ती म्हणजे समजण्याची ताकद. त्यामुळे 'समजणे' हा 'गेट'चा कुठून तरी उपटलेला अर्थ नाही. हाताने पकडणं आणि मनाने पकडणं यांतलं अंतर कितीतरी भाषांनी सहज पार केलेलं आहे.

गाभा कळला तरी एक प्रश्न उरतो: या वाक्यात मिळालं, झालं, पोचलं की समजलं, हे ओळखायचं कसं? ते 'गेट'कडे बघून कळत नाही, त्याच्या पुढे काय आलंय ते बघून कळतं. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. पुढे विशेषण आलं तर होणं. पुढे ठिकाण आलं तर पोचणं. मी वर्गात पहिल्या दिवशी एवढंच सांगते आणि या एका नियमावर निम्मी वाक्यं सुटतात.

हा नियम मोडला की काय होतं तेही सांगते. मराठीत 'होणे' दोन्हीकडे चालतं: म्हातारा होणे आणि डॉक्टर होणे. इंग्रजीत 'गेट ओल्ड' चालतं, म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीने मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'माय डॉटर वॉन्ट्स टू गेट अ डॉक्टर.' तिला म्हणायचं होतं, मुलीला डॉक्टर व्हायचंय. वाचणाऱ्याला मात्र वाटणार, मुलीला डॉक्टर बोलावून आणायचाय. घरात कुणी आजारी आहे की काय? 'डॉक्टर' हे नाम आहे, विशेषण नाही. 'गेट'पुढे नाम आलं की ते हातात येतं, माणूस त्याच्यासारखा होत नाही. नामासाठी 'बिकम' लागतं. ही एक चूक टाळली तरी इंग्रजी बरंच सुधारतं.

विशेषणाच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे आणि नेमकी तीच श्रीमंती आपल्याला नडते. इंग्रजी सगळीकडे 'गेट' लावून मोकळी होते. आपल्याकडे अंधार पडतो, उशीर होतो, राग येतो, भूक लागते, माणूस आजारी पडतो, रस्ता चुकतो, अंग भिजतं, गोष्ट अंगवळणी पडते. प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं, आणि ते अदलाबदल करून चालत नाही. 'मला राग पडला' म्हटलं तर लहान मूलही हसेल. आपण या आठ गोष्टींसाठी इंग्रजीत आठ क्रियापदं शोधत बसतो आणि इंग्रजीकडे एकच असतं: 'गेट डार्क', 'गेट लेट', 'गेट अँग्री', 'गेट हंग्री', 'गेट सिक', 'गेट लॉस्ट', 'गेट वेट', 'गेट यूज्ड टू इट'. उलट दिशेने, म्हणजे भाषांतर करताना, हीच चैन आहे. 'ही इज गेटिंग बेटर'ला आपल्याकडे 'त्याला बरं वाटत चाललंय' आहे. हे 'चालणे' 'गेटिंग'मधली हळूहळू होणारी हालचाल इतकी अचूक पकडतं की मला दर वेळी मराठीचं कौतुक वाटतं.

ठिकाणाबद्दल फार बोलायला नको, एकच फरक ध्यानात ठेवा. 'गो' म्हणजे जाणं, 'गेट' म्हणजे पोचणं. 'आय वेन्ट, बट आय डिडन्ट गेट देअर': गेले, पण पोचले नाही. रस्ता विचारताना 'हाऊ डू आय गेट देअर?' म्हणतात ते म्हणूनच. आणि 'वुई गॉट द कपबोर्ड थ्रू द डोअर' याच्यात धापा ऐकू येतात. कपाट आलं एकदाचं दारातून आत. नुसतं 'मूव्ह्ड' म्हटलं असतं तर तो घाम दिसला नसता.

या घामाबद्दल मात्र सावध राहावं लागतं. 'गेट' उंबरठा ओलांडल्याचं सांगतं, पण कुणाच्या जोरावर ओलांडला ते सांगत नाही. मराठीत 'मिळणे' आणि 'मिळवणे' वेगळे आहेत. बक्षीस मिळालं आणि बक्षीस मिळवलं यांत कर्तृत्वाचा फरक आहे. इंग्रजी 'गॉट' दोन्ही झाकून ठेवतं. 'आय गॉट अ जॉब' यात मेहनत आहे, 'आय गॉट अ कोल्ड' यात नाही, आणि क्रियापद तेच. एकदा भाषांतरासाठी आलेल्या मजकुरात घटस्फोटाबद्दल चारच शब्द होते: 'शी गॉट द हाऊस.' घर तिला मिळालं? घर तिच्या वाट्याला आलं? घर तिने घेतलं? घर तिने पदरात पाडून घेतलं? चौथ्या वाक्यात ती बाई धूर्त ठरते, दुसऱ्यात बिचारी. मूळ वाक्यात ती दोन्ही नव्हती. मी पुढचीमागची पानं पुन्हा वाचली आणि 'घर तिच्याकडे गेलं' असं लिहिलं. कोश या कामात काही मदत करत नाही, तिथे 'मिळणे' आणि 'मिळवणे' एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन बसवलेले असतात.

आता 'गेट'चा मला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेण्याचा. मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'मी काल केस कापले', 'आम्ही घर बांधलं', 'मी चष्मा दुरुस्त केला.' कात्री न्हाव्याच्या हातात होती आणि विटा गवंड्याने रचल्या हे ऐकणाऱ्याला कळतंच. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की तुम्ही स्वतः आरशासमोर उभं राहून केस कापले असा अर्थ होतो. 'आय रिपेअर्ड माय ग्लासेस' म्हटलं तर समोरचा विचारेल, तुम्हाला येतं हे काम? तिथे 'आय गॉट माय हेअर कट' म्हणावं लागतं. रचना अशी: 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठीत याला हुबेहूब जोड आहे, 'कापून घेतले'. 'केस कापून घेतले', 'चष्मा दुरुस्त करून घेतला'. फक्त आपल्याकडे ते ऐच्छिक आहे आणि इंग्रजीत तसं नाही. म्हणून चूक होते.

हे 'घेणे' आणि हे 'गेट' पुढेही हातात हात घालून चालतात, आणि ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून कागदावर उदाहरणं लिहीत बसले होते. आपण 'केस कापून घेतले' म्हणतो, तसंच 'हात भाजून घेतला' असंही म्हणतो. पहिल्यात इच्छा आहे. दुसऱ्यात इच्छा नाही, पण स्वतःचा धांदरटपणा आहे. इंग्रजीतही तसंच: 'आय गॉट माय हेअर कट' आणि 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर', म्हणजे बोट दारात चेमटून घेतलं. रचना तीच, आणि इच्छा की अपघात हे जगाच्या अनुभवावरून कळतं. आणखी एक पायरी पुढे गेलं की 'ही गॉट हिमसेल्फ फायर्ड' येतं. 'त्याला काढून टाकलं' एवढंच हे नाही. यात दोष त्याच्या माथी आहे. 'स्वतःच्या हाताने नोकरी घालवून बसला' असं केलं की मग पुरतं. 'घालवून बसणे'मधलं हे 'बसणे' नसतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

वस्तूऐवजी माणूस आला तर रचना बदलते: 'गेट', मग माणूस, मग 'टू' लावून क्रियापद. 'वुई गॉट हिम टू साइन.' या वाक्यावर माझं एक भाषांतर सुरुवातीच्या दिवसांत चुकलं होतं, म्हणून ते माझ्या कायमचं लक्षात आहे. एका वादाच्या पत्रव्यवहारात ते आलं होतं आणि मी लिहिलं, 'आम्ही त्यांना सही करायला लावली.' तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी 'लावली' खाली रेघ मारली आणि विचारलं, "जबरदस्ती केली असं कुठे म्हटलंय?" त्यांचं बरोबर होतं. जबरदस्तीसाठी इंग्रजीत 'मेक' आहे: 'वुई मेड हिम साइन.' अधिकाराने सांगून करवून घेतलं तर 'हॅव': 'वुई हॅड हिम साइन.' आणि 'गेट' म्हणजे तो आपणहून करणार नव्हता, थोडं समजवावं लागलं, विनवावं लागलं, कदाचित युक्ती लढवावी लागली, पण शेवटी त्याने केलं. पुन्हा तोच उंबरठा. शेवटी वाक्य झालं, 'आम्ही त्यांना सहीसाठी राजी केलं.' तीन क्रियापदांतला हा फरक शिकवायला मी आजही तेच वाक्य वापरते. आणि गंमत बघा, 'टू' कुठे लागतो ते पाहा: 'मेड हिम साइन', 'हॅड हिम साइन', पण 'गॉट हिम टू साइन'. हा 'टू' विसरणं ही मोठ्या पदावरच्या, उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या लोकांच्या पत्रांतही मला दिसणारी चूक आहे.

'टू'वरून दुसरा एक गोंधळ आठवला आणि तो समजावून घेण्यासारखा आहे. ही दोन वाक्यं बघा: 'आय गॉट टू मीट हर' आणि 'आय हॅव गॉट टू मीट हर'. पहिल्याचा अर्थ, मला तिला भेटायला मिळालं. दुसऱ्याचा, मला तिला भेटायलाच हवं. एकात भाग्य आहे आणि दुसऱ्यात भाग पडणं. आपल्या 'भेटायला मिळालं' आणि 'भेटावं लागेल' यांच्याइतकी ही जोडी एकमेकांपासून दूर आहे, आणि मध्ये फक्त एक 'हॅव' आहे. त्यातही बोलताना तो 'हॅव' गळतो. 'आय गॉटा गो' म्हणणारा माणूस 'मला जायला मिळालं' म्हणत नसतो, 'निघायला हवं' म्हणत असतो. मग ओळखायचं कसं? काळावरून. झालेल्या गोष्टीबद्दल बोलणं चाललं असेल तर मिळालं, आत्ताच्या किंवा पुढच्या गोष्टीबद्दल असेल तर हवं. मुलं शाळेतून येऊन 'वुई गॉट टू सी द ॲनिमल्स' म्हणतात तेव्हा त्यांचे डोळे चमकत असतात, प्राणी बघावे लागले म्हणून कुणी वैतागलेलं नसतं.

आणि हो, 'हॅव गॉट' मध्ये मिळणं वगैरे काही उरलेलं नाही. 'आय हॅव गॉट टू पेन्स' म्हणजे माझ्याकडे दोन पेनं आहेत, बस. मुळात ते 'मी मिळवली आहेत' असंच होतं, पण जे मिळवलंय ते जवळ असतंच, म्हणून हळूहळू 'आहे' एवढाच अर्थ राहिला. अमेरिकेत या दोन्हींसाठी दोन रूपं आहेत. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली आहे. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळण शिकवतात, म्हणून 'गॉटन' दिसलं की लाल शाई फिरते. ते रूप अमेरिकनांनी शोधून काढलेलं नाही. ते इंग्लंडमधलंच जुनं रूप आहे, तिथल्या प्रमाण भाषेतून मागे पडलं आणि समुद्रापलीकडे टिकलं. 'फरगॉटन' तर ब्रिटिशही आजपर्यंत म्हणतातच. ब्रिटिश पद्धतीने लिहायचं ठरवलं असेल तर 'गॉट' लिहा, अमेरिकन असेल तर 'गॉटन'. एका पानावर दोन्ही पद्धती नकोत एवढंच.

'गेट' वापरून कर्मणी वाक्यंही होतात: 'द विंडो गॉट ब्रोकन', 'ही गॉट स्कोल्डेड'. 'वॉज' आणि 'गॉट' यांत काय फरक, असं नेहमी विचारतात. 'वॉज' थंड आहे, नोंदवहीतलं आहे. 'गॉट'मध्ये कुणावर तरी काहीतरी आदळलेलं असतं, बरं किंवा वाईट. म्हणून 'ही गॉट स्कोल्डेड' म्हणजे 'त्याला बोलणी बसली' किंवा 'त्याने बोलणी खाल्ली'. 'तो ओरडला गेला' असं कुणी मराठीत म्हणत नाही आणि कृपा करून लिहूही नये. चांगली गोष्ट असेल तर बहुधा वाट पाहून झालेली असते: 'द बुक फायनली गॉट पब्लिश्ड', पुस्तक आलं एकदाचं छापून. हे 'एकदाचं' मी अशा 'गॉट'साठी राखून ठेवलेलं आहे.

'गेट'ला 'अप', 'ओव्हर', 'बाय', 'अवे' असे शेपटासारखे छोटे शब्द जोडून झालेली क्रियापदं खरोखरच एकेक करून शिकावी लागतात. तिथे गाभ्यावर भिस्त ठेवता येत नाही. मात्र त्यांचे अर्थ मराठी शब्दकोशातल्या पुस्तकी शब्दांनी पाठ करू नका, आपल्या बोलण्यातल्या वाक्यांशी जोडा, लगेच बसतात. 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागणं. 'गेट अलॉन्ग' म्हणजे पटणं: त्यांचं एकमेकांशी पटत नाही. 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं. 'गेट इव्हन' म्हणजे उट्टं काढणं. 'गेट अवे विथ' ची व्याख्या कोशात दोन ओळींची असते, शिक्षा न होता निसटणे वगैरे. मराठीत एका शब्दात आहे: पचणं. त्याने इतकं खोटं बोललेलं पचलं. 'आय नेव्हर गॉट अराउंड टू इट' म्हणजे त्या कामाला मुहूर्तच लागला नाही. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुमचा रोख कुठे आहे? आणि 'इट गेट्स टू मी' म्हणजे मनाला लागतं. आपलं 'लागणे' आणि त्यांचं 'गेट' इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात.

शाळेत 'गेट वापरू नये' असं का सांगायचे? कारण ते घरातलं, बोलण्यातलं क्रियापद आहे. त्याच्या जागी येणारे 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अराइव्ह' हे शब्द फ्रेंच आणि लॅटिनकडून आले, दरबारातून आणि कचेरीतून आले, म्हणून ते अर्जात आणि अहवालात शोभतात. तिथे ते जरूर वापरा. पण हा वेशाचा प्रश्न आहे, व्याकरणाचा नाही. जो माणूस बोलतानाही 'गेट' टाळतो त्याचं इंग्रजी मराठीत 'मी गृही पोहोचलो आणि मज क्षुधा लागली' म्हटल्यासारखं ऐकू येतं. 'आय रिसीव्ड अ कोल्ड' तर साफ चूकच आहे, सर्दी काही टपालाने येत नाही. पत्रात 'आय रिसीव्ड युअर लेटर' लिहा, फोनवर 'आय गॉट युअर लेटर' म्हणा, कुणीही नाव ठेवणार नाही.

सराव कसा करायचा तेही विचारलं आहे. मी वर्गात एक छोटा उतारा देते. मीच लिहिलेला आहे: 'आय गॉट युअर लेटर व्हेन आय गॉट होम. आय वॉज गेटिंग वरीड. आय डिडन्ट गेट द लास्ट लाइन, सो आय गॉट माय ब्रदर टू रीड इट. ही गॉट अँग्री. नाऊ आय हॅव गॉट टू गेट सम स्लीप.' आठ वेळा 'गेट'. याचं मराठी करायचं आणि 'गेट'च्या जागी आलेलं एकही क्रियापद दोनदा वापरायचं नाही. माझं असं झालं: 'घरी पोचले तेव्हा तुझं पत्र हाती पडलं. मला काळजी वाटायला लागली होती. शेवटची ओळ काही उमगली नाही, म्हणून भावाकडून वाचून घेतली. तो भडकला. आता मात्र झोपायला हवं.' शेवटचं 'गेट' 'झोपायला'मध्ये विरून गेलं, बाकी सात जागी सात वेगळे शब्द आले आणि एकही ओढूनताणून आणावा लागला नाही. आठवडाभराने तेच मराठी हातात घ्यायचं आणि मूळ न बघता पुन्हा इंग्रजी करायचं. पहिल्या वेळी बहुतेक जण 'रीच्ड', 'रिसीव्ड', 'अंडरस्टूड' लिहितात. तिसऱ्या वेळेपर्यंत 'गॉट' आपोआप येऊ लागतं. रोज कानावर पडणाऱ्या इंग्रजीतलं एक 'गेट' वहीत उतरवून त्याच्यापुढे काय आलंय तेवढं नोंदवलं तरी महिनाभरात फरक दिसतो.

असे शब्द आणखीही आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी एकट्या 'रन' या क्रियापदाच्या नोंदीवर सुमारे नऊ महिने काम केलं आणि अर्थ निघाले ६४५. तेव्हा 'गेट'पाशी अडखळलात म्हणून तुमचं काही चुकत नाही.

अलीकडे एक वापर फार कानावर येतो आणि कोशात बघून तो बरेच जण चुकीचा लावतात, तो सांगायचा राहिला. 'शी गेट्स मी.' 'गेट'पुढे माणूस आहे, म्हणून नियमाने बघायला गेलं तर 'ती मला आणते' किंवा 'ती मला पकडते' असं काहीतरी निघेल. पण इथे मनाने पकडण्याचाच अर्थ आहे, फक्त पकडलेली गोष्ट वाक्य किंवा विनोद नसून अख्खा माणूस आहे. एका भाषांतरात मी यावर दोन दिवस घालवले. 'ती मला समजून घेते' लिहिलं, तर तिच्यात उपकाराचा सूर आला. 'ती मला चांगलं ओळखते' लिहिलं, तर नुसती जुनी ओळख झाली. मग एकदा माझी मैत्रीण तिच्या आजीबद्दल बोलताना सहज म्हणून गेली, "बाकी कुणाला नाही कळत, पण आजीला मी कळते." मी तेच लिहिलं: 'तिला मी कळते.'